ठळकवाडी ते कुंडल रोड : लक्ष्मणराव किर्लोस्कर

आपल्या बेळगावात किर्लोस्कर रोड कुठे आहे हे कुणाला सांगावे लागत नाही. त्या रस्त्यावर आपण सगळ्यांनीच कधी ना कधी खरेदी केली आहे, गर्दीत स्कूटर अडकवली आहे आणि जागा मिळत नाही म्हणून कुरकुरही केली आहे. पण रस्त्याला हे नाव का, असे विचारले तर तरुण मंडळी इंजिने आणि पंपांचे नाव घेतात. गोष्ट सुरू झाली ती सायकलच्या दुकानापासून. आणि ज्या माणसाने ते दुकान काढले, त्याला वयाच्या चाळिसाव्या वर्षी याच गावातून आपले बिऱ्हाड, माणसे आणि यंत्रे उचलून जावे लागले होते.

मी बँकेत छत्तीस वर्षे काढली. त्यातली बरीच वर्षे लघुउद्योगांच्या कर्जखात्यांवर गेली. निवृत्तीनंतर मंडळातली काही मुले-मुली संध्याकाळी फायली घेऊन घरी येतात. कुणाचे छोटे वर्कशॉप आहे, कुणाचा मसाल्यांचा घरगुती व्यवसाय. कागद बघून झाले की खरी गोष्ट चहाच्या वेळी निघते. झोप लागत नाही, फोन वाजला की छातीत धस्स होते, आपल्याला हे जमणारच नाही असे वाटते. अशा वेळी मी व्याजदर बाजूला ठेवतो आणि लक्ष्मणरावांची हकीकत सांगतो. सांगून सांगून पाठ झाली, म्हणून या वेळी लिहून काढली.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. संगीत नाटकांचे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. म्हणजे एका लहानशा खेड्याने मराठी माणसाला नाट्यपदेही दिली आणि नांगरही दिले. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. घरात ग्रंथ आणि चर्चा, पण मुलाचे लक्ष चित्रांत आणि यंत्रांत. शाळेच्या अभ्यासात त्याचा जीव रमत नव्हता. अशा घरात असा मुलगा म्हणजे वाया गेल्याची काळजी आलीच. थोरले बंधू रामुअण्णा मात्र पाठीशी उभे राहिले. त्यांच्या पैशाच्या मदतीवर लक्ष्मणराव १८८५ साली मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोन वर्षांनी कळले की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. डोळ्यांत जन्मजात रंगदोष होता. चित्रकार व्हायला घरच्यांचा विरोध पत्करून गेलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला हे कळणे म्हणजे काय, याचा विचार आपण क्षणभर करावा. परत गावी येऊन वडिलांसमोर उभे राहणे सोपे नव्हते. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. यंत्रांची रेखाचित्रे काढायला रंग लागत नाहीत. तो विषय त्यांनी पक्का केला आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, यांत्रिक रेखाचित्राचे साहाय्यक शिक्षक झाले.

वर्ग संपला की ते तिथल्या कारखान्यात जात. लेथ कसा चालतो, ओतकाम कसे होते, यंत्र उघडून परत कसे जोडायचे, हे सगळे त्यांनी हाताने करून शिकून घेतले. इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याजवळ कधीच नव्हती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी निम्मी तरी आपल्याजवळ अमुक डिग्री नाही म्हणून आधीच हार मानून बसलेली असतात.

नोकरी चालू असतानाच, १८८८ साली, दोघा भावांनी बेळगावात सायकलींचा धंदा सुरू केला. किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव तेव्हाचे. लक्ष्मणराव मुंबईत सायकल विकत घेऊन इकडे पाठवीत आणि रामुअण्णा बेळगावात ती विकत. सायकल त्या काळी भारी महाग वस्तू, शिवाय ती चालवायची कशी हेही लोकांना ठाऊक नव्हते. म्हणून रामुअण्णा फी घेऊन सायकल चालवायला शिकवीत. मला या गोष्टीचे फार कौतुक वाटते. गिऱ्हाईक नाही म्हणून रडत न बसता त्यांनी गिऱ्हाईक तयार केले, वर शिकवणीचे पैसेही घेतले. दुरुस्तीचे काम ओघाने आलेच. मोठ्या भावाने दुकान सांभाळायचे आणि धाकट्याने मुंबईची नोकरी, असे ते चालले होते. आजच्या भाषेत घराचा हप्ता पगारातून आणि हौस धंद्यातून.

मग बढतीची वेळ आली. इन्स्टिट्यूटमध्ये लक्ष्मणरावांचा हक्क डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला आले. बायको-मुलांचा संसार, नियमित पगार बंद आणि हातात एक सायकलचे दुकान. आमच्या पिढीला सरकारी किंवा बँकेची नोकरी सोडणे म्हणजे वेडेपणा वाटे. मी स्वतः एकदा बढती हुकल्यावर आठ दिवस राजीनाम्याचा कागद खिशात घेऊन फिरलो आणि नवव्या दिवशी फाडला. मला त्याचा पश्चात्ताप नाही, पण लक्ष्मणरावांच्या आणि माझ्या वाटेत काय फरक होता हे मला ठाऊक आहे.

बेळगावात त्यांनी लहानसा कारखाना घातला. पहिले यंत्र कडबा कापण्याचे. जनावरांपुढे अख्ख्या पेंढ्या टाकल्या की निम्मा कडबा पायांखाली तुडवला जातो. कापून घातला तर वाया कमी जातो. हा हिशेब शेतकऱ्याला समजण्यासारखा होता. त्यानंतर १९०३ च्या सुमारास लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर करायला घेतला. आणि इथे त्यांची खरी कसोटी लागली.

शहरात वाढलेल्या आपल्या मुलांसाठी थोडे सांगतो. जुना नांगर लाकडी, टोकाला फक्त लोखंडी फाळ. तो जमीन चिरत जातो, उलथत नाही. काळ्या रानात हरळी आणि कुंदा यांसारखी खोल मुळांची तणे असतात. (हा कुंदा आपल्या मिठाईच्या दुकानातला नव्हे, तो खायचा आणि हा उपटायचा.) लाकडी नांगराने ही तणे वर वर तुटतात आणि पावसाबरोबर पुन्हा येतात. लोखंडी नांगर मातीचा थर उलटा करून टाकतो, तणाची मुळे उघडी पडून उन्हात वाळतात. परदेशी लोखंडी नांगर तेव्हा येत होते, पण ते महाग आणि सामान्य कुणब्याच्या आवाक्याबाहेरचे. तसाच नांगर इथे, इथल्या माणसांच्या हातून, इथल्या शेतकऱ्याला परवडेल असा करायचा, एवढे लक्ष्मणरावांनी मनात घेतले.

नांगर झाले. आणि पडून राहिले.

लोखंड जमिनीत घातले की जमिनीला विष बाधते, असा शेतकऱ्यांचा समज होता. आज हसू येते, पण जरा त्यांच्या बाजूनेही बघू. एका हंगामावर ज्याचे घर चालते, तो माणूस नवी वस्तू जपूनच घेणार. शिवाय लाकडी नांगर गावचा सुतार करून देई आणि त्याला वर्षाचे बलुते धान्यात मिळे. रोख पैसे काढून नांगर विकत घ्यायचा ही कल्पनाच नवी होती. म्हणजे लक्ष्मणराव लोकांना नुसती नवी वस्तू विकत नव्हते. शेतकऱ्याचा जमिनीविषयीचा समज, सुताराशी असलेले पिढ्यांचे नाते आणि पैसे मोजण्याची रीत, हे तिन्ही त्यांना बदलायला लावत होते.

पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली.

दोन वर्षे. हे वाक्य वाचून पुढे जाऊ नका. लोखंड विकत घेतलेले, कोळसा जाळलेला, माणसांचे पगार दिलेले, आणि तयार माल रोज सकाळी दार उघडले की समोर. बँकेच्या भाषेत याला न हलणारा साठा म्हणतात. स्टॉक स्टेटमेंटमध्ये असा माल दिसला की आम्ही त्याची किंमत निम्म्याने धरायचो, पुढच्या वर्षी शून्य. लक्ष्मणराव त्या काळी माझ्या टेबलासमोर प्रस्ताव घेऊन आले असते तर मी काय केले असते? पदवी नाही, तारण किरकोळ, मालाला मागणी शून्य. मी नम्रपणे चहा पाजून परत पाठवले असते. मनात येते ते लिहितो आहे, कारण असे मी काही जणांना परत पाठवलेही आहे.

त्यातला एक जण अजून डोळ्यांसमोर येतो. उद्यमबागेत त्याचे लहान वर्कशॉप होते. हात फार चांगला, पण मोठ्या गिऱ्हाइकाकडून पैसे थकले आणि तो गोंधळला. आधी बँकेत यायचा बंद झाला, मग फोन उचलायचा बंद झाला. मी नियमाप्रमाणे नोटिसा पाठवल्या. नियमाबाहेर काही केले नाही, पण त्याच्या शेडपर्यंत जाऊन, बाबा रे, रोज किती नग निघतात आणि किती विकले जातात, एवढे विचारायचे कष्टही घेतले नाहीत. शेड गेली. तो आता दुसऱ्याच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, भेटला की हसतो. मला मात्र हसता येत नाही.

लक्ष्मणरावांना त्या दोन वर्षांत स्वतःविषयी शंका आली नसेल असे मला वाटत नाही. माणूसच होते ते. पण त्यांनी केले काय, हे पाहण्यासारखे आहे. नांगर विकला जात नाही म्हणून त्यांनी कारखाना बंद केला नाही, आणि सगळी भिस्त नांगरावर टाकूनही बसले नाहीत. कडबा कापण्याची यंत्रे चालू होती, दुकान चालू होते. घर चालवणारे काम एका हाताने आणि उद्याचे काम दुसऱ्या हाताने, असे त्यांनी निभावले. पहिला नांगर रानात चालला, शेजाऱ्यांनी तण मेलेले पाहिले, मग पुढचे गिऱ्हाईक आले. जमिनीला विष बाधले नाही हे शेतकऱ्याला शेतकऱ्याच्याच रानाने पटवले.

आता गाडी रुळावर येते असे वाटत असतानाच दुसरा घाव बसला. बेळगाव नगरपालिकेने ठळकवाडीला नवी वसाहत करायचे ठरवले. कारखान्याची जागा नेमकी त्यात. ठळकवाडी म्हणजे आज आपण टिळकवाडी म्हणतो तीच. आज आपल्या मंडळातले निम्मे सभासद तिथे राहतात, पण त्या प्लॉटांखाली एका माणसाची सगळी मांडणी गाडली गेली आहे, हे आपल्या लक्षात नसते. जागा सोडा, असा हुकूम झाला. दुसरी जागा घ्यायची, कारखाना नव्याने उभारायचा, तर पैसा हवा. साठवलेले असे फारसे काही नव्हते.

धंद्यात तोटा झाला तर माणूस स्वतःला दोष देऊ शकतो, चूक शोधू शकतो. इथे तर चूकच नव्हती. नुकते चालू लागलेले काम दुसऱ्याच्या नकाशावरच्या रेघेने थांबवले. अशा वेळी माणूस जास्त खचतो, हे मी कर्जदारांच्या बाबतीत पाहिले आहे.

मदत आली ती औंधाहून. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी, ज्यांना लोक बाळासाहेब म्हणत, हे लक्ष्मणरावांचे स्नेही. ते १९०९ साली गादीवर आले. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे राजे म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते स्वतः चित्रकारही होते. रंग ओळखता येत नाहीत म्हणून ज्याची चित्रकला सुटली, त्याला आधार मिळाला तो चित्रकार राजाचा. योगायोग म्हणा. बाळासाहेबांनी आधी लक्ष्मणरावांना औंधला एका सभामंडपाचे बांधकाम दिले. म्हणजे नुसती सहानुभूती दाखवली नाही, काम दिले. अडचणीतल्या माणसाला पैशाआधी काम मिळाले की तो ताठ उभा राहतो. मग त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज देऊ केले.

जमीन कसली, माळच तो. निवडुंग माजलेला, नागांचे राज्य, पाणी नाही, सावली नाही. बेळगावसारखे झाडांचे, थंड हवेचे गाव सोडून अशा ठिकाणी जायचे. १० मार्च १९१० रोजी तिथे कारखान्याच्या कामाला सुरुवात झाली. बरोबर पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे. मला नेहमी प्रश्न पडतो की ही माणसे का गेली असतील. ती काही किर्लोस्करांच्या घरची नव्हती. बेळगावात त्यांना दुसरीकडे हाताला काम मिळालेच असते. मालकाच्या मनात धाकधूक असतेच, पण कामगाराला ती लांबूनही कळते आणि तो आधी पाय काढतो. इथे उलट झाले. बायका-मुलांना घेऊन माणसे माळावर राहायला गेली. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई आणि मुलेही तिथेच राहिली. मोठे शंतनुराव तेव्हा सात वर्षांचेही नव्हते.

पुढची वसाहत रामुअण्णांनी उभी केली. घरे, रस्ते, झाडे, पाणी, हे सगळे त्यांच्या देखरेखीखाली. लक्ष्मणराव यंत्रांत आणि रामुअण्णा माणसांच्या सोयीत, अशी ती वाटणी होती. धाकट्या भावाला मुंबईला पाठवायला पैसे देणारा, सायकल शिकवणारा, आणि आता माळावर झाडे लावणारा हा थोरला भाऊ. किर्लोस्करांचे नाव घेताना लोक त्याला विसरतात, म्हणून मी मुद्दाम दोनदा लिहिले. धंदा एकट्याने होत नाही, घरात एखादा रामुअण्णा लागतो.

माणसे निवडण्याची लक्ष्मणरावांची पद्धतही निराळी. शंभुराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर, के. के. कुलकर्णी हे त्यांचे जुने सहकारी. शिक्षण अर्धवट सोडलेल्या फळणीकरांनी कारखान्यात इंजिनिअरचे काम केले. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली माणसे त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवली आणि त्या माणसांनी विश्वास राखला. जातीपातीची शिवाशिव त्यांनी वसाहतीत चालू दिली नाही. ज्याला स्वतःला एकदा रंगांनी आणि एकदा बढतीने नाकारले, त्याने दुसऱ्याची नोंदवही बघून माणूस ठरवला नाही, असा माझा आपला अंदाज.

सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. चारच वर्षांत पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशाहून येणारे लोखंड मिळेना. नांगराला आता मागणी होती आणि करायला माल नव्हता. बेळगावच्या त्या दोन वर्षांच्या नेमके उलट. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक काढले. पुढे 'स्त्री' आणि 'मनोहर' आली. आमच्या आईच्या ट्रंकेत 'स्त्री'चे जुने अंक होते, आणि ते एका नांगराच्या कारखान्याच्या घरातून निघाले हे मला फार उशिरा कळले.

उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, पंप, अशी यादी वाढत गेली. पुढे १९३० च्या आसपास जगभर मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले आणि शेतकऱ्याकडे अवजार घ्यायला पैसा उरला नाही. तेव्हा कारखान्याने लोखंडी फर्निचरही केले. एका मालावर विसंबायचे नाही, हे बेळगावात शिकलेले इथे उपयोगी पडले. अमेरिकेत शिकून आलेले शंतनुराव तोपर्यंत कारखान्यात रुजू झाले होते. त्यानंतरचा विस्तार, हरिहर, पुणे, बंगळूर, डिझेल इंजिने, विजेच्या मोटारी, हा मुख्यतः पुढच्या पिढीचा आणि तो सर्वांना माहीत आहे. मला त्यात फारसे शिरायचे नाही. मोठ्या कंपनीच्या गोष्टीत माझ्याकडे फाईल घेऊन येणाऱ्या मुलीला स्वतःला बघता येत नाही. न विकलेल्या नांगरांत बघता येते.

ती मुलगी मसाले करते. तीन बायका हाताखाली आहेत. मागच्या महिन्यात ती सगळे बंद करते म्हणून सांगायला आली होती. मी तिला वही काढायला लावली. रोज काय खपते आणि काय पडून राहते, ते वेगवेगळे लिहायला सांगितले. काळा मसाला आणि चटणी खपत होती, नवीन काढलेले चार प्रकार पडून होते. ते चार तिला प्राणापेक्षा प्रिय. बंद कर असे मी म्हटले नाही. चटणीने घर चालव आणि चारांतला एकच प्रकार दोन गल्ल्यांत चाखायला दे, एवढेच ठरले. बघू.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. सत्त्याऐंशी वर्षांचे आयुष्य. नोकरीतला अपमान, न विकलेले नांगर, हातची गेलेली जागा, हे सगळे चाळिशीपर्यंत आटोपले होते, आणि त्यानंतर सेहेचाळीस वर्षे ते जगले, म्हणजे माळ हिरवा झालेला त्यांनी पोटभर पाहिला.

बेळगावहून पुण्याला रेल्वेने जाताना मिरज, सांगली, भिलवडी झाले की ते स्टेशन येते. कुंडल रोड हे नाव कधीच पुसले गेले, आता पाटीवर किर्लोस्करवाडी असते. गेल्या दिवाळीत नातीला घेऊन जात होतो. खिडकीतून झाडे आणि शेड दाखवल्या आणि आपल्या किर्लोस्कर रोडवरचेच हे आजोबा, असे सांगितले. तिने विचारले, मग ते इतके लांब कशाला आले? गाडी सुटली होती, आणि मी ठळकवाडीपासून सांगायला सुरुवात केली.